ड्रॉइंगच्या मशीनवर एक्स उठत नाही : जुलै २०२५ च्या नोंदी

जागा : अंबड एमआयडीसी, नाशिक. सुटे भाग बनवणारं छोटं वर्कशॉप.
मशीन : इंटेलचं अंगभूत ग्राफिक्स असलेला डेस्कटॉप. फ्रीबीएसडी (युनिक्स घराण्यातली ऑपरेटिंग सिस्टीम), डिस्कवर झेडएफएस (फाइल-व्यवस्था). पडद्यावर खिडक्या-चित्रं दाखवायला एक्स, लॉगिनला एक्सडीएम, त्यामागे एक्सएफसीई हा डेस्कटॉप.
वापर : फ्रीकॅड, लिब्रेकॅड, ईमेल, बिलं.

हे मशीन पुढे दुसरं कुणी सांभाळेल तेव्हा त्याच्या हाती काहीतरी असावं, एवढ्यासाठी लिहितोय.

६ जुलै, रविवार

आषाढी एकादशी, वर्कशॉप बंद, मशीन दिवसभर माझ्या ताब्यात. फ्रीबीएसडी १३.४ ची मुदत ३० जूनला संपली, म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्या आता येणार नाहीत. १३.५ वर सरकलो तर पुढच्या एप्रिलअखेर पुन्हा हाच घाट घालावा लागेल. म्हणून थेट १४.३, जूनमध्येच आलेली.

कर्नल (सिस्टीमचा गाभा) बसवलं, रीबूट केलं, मग बाकीची सिस्टीम. आवृत्तीचा पहिला आकडा बदलला की सगळी पॅकेजं नव्याने बसवावी लागतात. पॅकेजं सांभाळणारं साधन म्हणजे पीकेजी; पीकेजी अपग्रेड -एफ लावून दिलं. त्यात बराच वेळ गेला. बाहेर पाऊस, लाईटची ये-जा, यूपीएसच्या शिट्ट्या. शेवटी जुन्या लायब्ररी काढण्यासाठी फ्रीबीएसडी-अपडेट इन्स्टॉल पुन्हा एकदा.

संध्याकाळी रीबूट. बूटचे संदेश नेहमीसारखे सरसर गेले आणि लॉगिनची चौकट यायच्या जागी काळा पडदा. थोड्या वेळाने लुकलुकला, क्षणभर अक्षरं दिसली, परत काळा.

लॅपटॉपवरून एसएसएच (नेटवर्कवरून लॉगिन) करून पाहिलं, लगेच आत गेलो. गोदावरीला पूर किती आला हे रामकुंडापाशी दुतोंड्या मारुतीच्या अंगावरून सांगतात : गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं. इथेही मोजायचं तेच आहे, बूट कुठवर चढलं आणि कुठे थांबलं. डिस्क, नेटवर्क, एसएसएच सगळं सुरू आहे म्हणजे पाणी छातीपर्यंत आलेलं आहे. वर फक्त ग्राफिक्स उरलं. काळा पडदा बघून लोक मशीनचं बटण दाबून धरतात, ते इथे करू नये. मशीन मेलेलं नसतं, तोंड बंद झालेलं असतं.

कंट्रोल-आल्ट-एफ१ दाबलं की अक्षरांचा कन्सोल मिळतो, पण टिकत नाही. अर्ध्या मिनिटाने पडदा परत हिसकावला जातो. /व्हार/लॉग/मेसेजेस मध्ये इनिटची (बाकीचे प्रोग्राम उठवणारा पहिला प्रोग्राम) तक्रार दिसली : टीटीवायव्ही८ (एक आभासी कन्सोल) वरचा प्रोग्राम फारच भराभर मरतोय, म्हणून ३० सेकंद थांबतो. उलगडा सोपा आहे. इथे एक्सडीएम जुन्या पद्धतीने, /ईटीसी/टीटीज मधल्या टीटीवायव्ही८ च्या ओळीतून सुरू होतो. त्या ओळीवर 'ऑन' लिहिलेलं असेपर्यंत इनिट त्याला मेला की उठवणार. इनिटचं कामच ते.

त्या ओळीतलं 'ऑन' काढून 'ऑफ' केलं आणि किल -हप १ (इनिटला ती फाइल पुन्हा वाचायला लावणारी आज्ञा). पडदा शांत झाला. पहिलं काम हेच. हे केल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही, कारण दर अर्ध्या मिनिटाला एक्स नव्याने उठू पाहतो आणि आपण वाचत असलेला लॉग पुसून नवा लिहितो.

मग हाताने स्टार्टएक्स. पडलं. /व्हार/लॉग/एक्सऑर्ग.०.लॉग च्या शेवटी प्रसिद्ध ओळ : 'नो स्क्रीन्स फाउंड'. त्याच्या जरा वर : 'फ्रेमबफर मोडमध्ये चालवता येत नाही, सर्व फ्रेमबफर उपकरणांचे बसआयडी द्या.' बसआयडी म्हणजे कार्डाचा मशीनमधला पत्ता. या दोन ओळींनी आजवर किती जणांच्या रात्री खाल्ल्या असतील. दोन्ही परिणाम सांगतात, कारण सांगत नाहीत. एक्सचा लॉग खालून वाचायची सवय मोडली पाहिजे. शेवटची चूक ही आधीच्या चुकांची बेरीज असते; पहिलं 'ईई' (चुकीची खूण) कुठे आलं ते वरून शोधत यायचं.

पण आज खोलात जात नाही. उद्या सकाळी ड्रॉइंगवाल्या ताईंना मशीन हवंय, एका ग्राहकाचं फिक्श्चर अडलेलं आहे. झेडएफएस असल्यामुळे फ्रीबीएसडी-अपडेटने बदल करण्याआधी बूट एन्व्हायर्नमेंट, म्हणजे परत बूट करता येईल अशी सिस्टीमची जुनी प्रत, आपोआप करून ठेवलेलं आहे. बीईसीटीएल लिस्ट मध्ये एकाहून जास्त दिसतात. नावात आवृत्ती आणि वेळ असते, त्यावरून सर्वांत आधीचं घेतलं. नंतरची घेतली तर कर्नल नवं आणि पॅकेजं जुनी अशी खिचडी हाती यायची.

तिकडे जाण्याआधी एक गोष्ट, विसरली तर पस्तावायला होतं. नेहमीच्या मांडणीत /व्हार/लॉग हे वेगळं डेटासेट (झेडएफएसचा स्वतंत्र कप्पा) असतं, बूट एन्व्हायर्नमेंटसोबत ते मागे जात नाही. म्हणजे जुन्या सिस्टीमने एक्स सुरू केलं की आजचा नापास लॉग आधी .ओल्ड होणार आणि त्यानंतरच्या सुरुवातीला नाहीसा होणार. म्हणून त्याची प्रत माझ्या होममध्ये 'नापास' नावाने ठेवली. डीमेसेजची (कर्नलचे संदेश) पण.

होमसुद्धा वेगळंच डेटासेट आहे, त्यामुळे ताईंनी जुन्या सिस्टीमवर काढलेलं ड्रॉइंग नव्यावर गेल्यावरही जागेवर सापडेल. जुनं एन्व्हायर्नमेंट सक्रिय करून रीबूट. लॉगिनची चौकट आली. कुलूप लावून निघालो.

७ जुलै, सोमवार

सकाळी शेठचा फोन : "काय दादा, मशीन बदललं का नाही? ताई म्हणते सगळं पहिल्यासारखंच आहे." पहिल्यासारखंच आहे ही आत्ताची सर्वांत चांगली बातमी आहे, असं सांगितलं. त्यांचं समाधान झालं नसावं.

दुपारी एसएसएचने जाऊन चालू लॉगची प्रत काढली, तिचं नाव 'पास'.

८ जुलै, मंगळवार

संध्याकाळी कामं उरकल्यावर वर्कशॉपला. आयटीआयचा अप्रेंटिस थांबला होता, त्याला या सगळ्यात रस आहे. त्याने फोनवर शोधून तयारच ठेवलं होतं : एक्सऑर्ग.कॉन्फ नावाची फाइल बनवायची, त्यात ग्राफिक्सचा बसआयडी लिहायचा. पुष्कळ ठिकाणी असंच सांगितलेलं असतं आणि एररसुद्धा तेच मागते, तेव्हा पोराचा दोष नाही.

त्याला एवढंच विचारलं : "शनिवारी ही फाइल होती का?" नव्हती. शनिवारी एक्स चालत होतं. कित्येक वर्षं एक्सला अशी फाइल लागतच नाही, तो स्वतः हार्डवेअर ओळखतो. मग रविवारी अचानक ओळखेनासा का झाला, हा खरा प्रश्न. फाइल लिहून तो सुटणार नाही, झाकला जाईल.

त्याला एक्सचं घराणं थोडक्यात सांगितलं. १९८४ साली एमआयटीत सुरू झालेलं काम, अकरावी आवृत्ती १९८७ ची, अजून तीच चालू आहे. पूर्वी एक्स सर्व्हर स्वतःच ग्राफिक्स कार्डाच्या नाड्या हातात घ्यायचा. आता स्क्रीनचं रिझोल्यूशन ठरवणं, मेमरी देणं ही कामं कर्नलकडे गेली. कर्नलमधलं डीआरएम मॉड्यूल /डेव्ह/डीआरआय/कार्ड० हे दार उघडतं आणि एक्स त्या दारातून आत जातो. लिनक्समध्ये हे मॉड्यूल कर्नलसोबतच येतं. फ्रीबीएसडीत ते वेगळं पॅकेज आहे, लिनक्सच्या कोडवरून उतरवून घेतलेलं. अपग्रेडनंतर फ्रीबीएसडीवाल्यांचा डेस्कटॉप रुसतो तो बहुतेक वेळा याच सांध्यावर.

मग 'पास' आणि 'नापास' समोरासमोर. डिफ (दोन फाइलींतला फरक दाखवणारी आज्ञा) थेट लावून उपयोग नाही. एक्सच्या प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला चौकोनी कंसात सेकंद असतात, ते दर वेळी वेगळे, त्यामुळे एकूणएक ओळ बदललेली दिसते. सेडने कंस उडवले आणि मग डिफ. आवृत्त्यांचे आकडे वगळले तर दोन्ही लॉग बराच वेळ हातात हात घालून चालतात. पहिला खरा फाटा इथे :

पास : मोडसेटिंग ड्रायव्हर /डेव्ह/डीआरआय/कार्ड० वापरतोय.
नापास : /डेव्ह/डीआरआय/कार्ड० उघडताना 'अशी फाइल वा डिरेक्टरी नाही'.

बसआयडीचं रडगाणं याच्या कितीतरी ओळी नंतरचं. एक्स निर्दोष. त्याला दारच मिळालेलं नाही. पोराने विचारलं, "म्हणजे एक्स परत इन्स्टॉल नाही करायचं?" नाही रे बाबा.

'नापास' डीमेसेजमध्ये ग्रेप केल्यावर पुढचं उत्तर : डीआरएमचं मॉड्यूल 'कर्नलवर अवलंबून आहे, ते उपलब्ध नाही किंवा आवृत्ती जुळत नाही'. तेरासाठी बांधलेलं मॉड्यूल चौदाच्या कर्नलने दारातच अडवलं, आणि बरोबर केलं. तसंच घुसू दिलं असतं तर मशीन पॅनिक होऊन पडलं असतं आणि शोधणं याहून अवघड झालं असतं.

पण मॉड्यूल तेराचं राहिलं कसं? रविवारी सगळी पॅकेजं सक्तीने नवी बसवली होती ना?

९ जुलै, बुधवार

ताई संध्याकाळी सहाला कामावरून उठल्यावर नव्या एन्व्हायर्नमेंटमध्ये बूट. एक्सडीएम अजून 'ऑफ', त्यामुळे सरळ कन्सोल.

केएलडीस्टॅट (लोड झालेल्या मॉड्यूलांची यादी) : आय९१५केएमएस (इंटेल ग्राफिक्सचं डीआरएम मॉड्यूल) नाही. /बूट/मॉड्यूल्स मध्ये फाइल आहे, तारीख मात्र जुनीपुराणी. पीकेजी विच ने सांगितलं की ती डीआरएम-५१०-केमॉड या पॅकेजची. ते तेराच्या काळातलं, १४.३ वर डीआरएम-६१-केमॉड हवं.

मग पीकेजी लॉक -एल. यादीत एकच नाव आणि तेच.

कुणीतरी हे पॅकेज मुद्दाम कुलूपबंद केलं होतं. अपग्रेडने त्याला हात लावला नाही, आणि एकाच फाइलवर दोघांचा दावा असल्यामुळे नवं मॉड्यूलही बसलं नाही. सांगितलं असणार पीकेजीने तसं, पण शेकडो पॅकेजांच्या रांगेत एक ओळ कुठे वाहून गेली ते कळत नाही.

टेबलाच्या खणात मशीनची वही आहे, त्यात आधीच्या माणसाची नोंद सापडली : १३.२ वर गेल्यावर तयार पॅकेजचं मॉड्यूल चाललं नाही, पोर्ट्समधून (म्हणजे मूळ कोडवरून) स्वतः बांधलं, लॉक केलं. त्या वेळी हेच योग्य होतं. तयार पॅकेजं त्या शाखेच्या सर्वांत जुन्या चालू आवृत्तीवर बांधली जातात. बाकी प्रोग्रामांना त्याने फरक पडत नाही, पण कर्नल मॉड्यूल नाजूक असतं, १३.१ वर बांधलेलं १३.२ वर पडू शकतं. म्हणून लोक ते घरी बांधत आणि पुढच्या पीकेजी अपग्रेडने त्यावर पाणी फिरवू नये म्हणून लॉक करत. १४.२ पासून मॉड्यूलांसाठी प्रत्येक आवृत्तीचं वेगळं भांडार आहे, फ्रीबीएसडी-केमॉड्स, त्यामुळे त्या कुलपाची गरजच उरलेली नाही. पीकेजी -व्हीव्ही मध्ये ते भांडार चालू असल्याची खात्री केली.

पुढचं काम चहा येईपर्यंत झालं. लॉक काढलं, डीआरएम-५१०-केमॉड काढून टाकलं, पीकेजी इन्स्टॉल डीआरएम-केमॉड. हे छत्री-पॅकेज आहे, आवृत्तीला साजेसं मॉड्यूल तेच ओढून आणतं, ग्राफिक्सच्या फर्मवेअरसकट. मग केएलडीलोड आय९१५केएमएस. पडदा एकदा मिटला, उघडला, आणि कन्सोलची जाडी अक्षरं एकदम बारीक, रेखीव झाली. ही खूण लक्षात ठेवण्यासारखी : अक्षरं बदलली म्हणजे कर्नलने ग्राफिक्स ताब्यात घेतलं. एक्स सुरू करण्याआधीच अर्धा निकाल कळतो.

आरसी.कॉन्फ मधली केएलडी_लिस्ट (बूटच्या वेळी लोड करायची मॉड्यूलं) तपासली. आय९१५केएमएस तिथेच आहे आणि तिथेच असू द्यावं. काहीजण ते लोडर.कॉन्फ मध्ये घालतात, लवकर सुरू व्हावं म्हणून. तिथे ते खूप आधी लोड होतं, आणि मॉड्यूल बिघडलेलं असेल तर कन्सोल मिळायच्या आतच मशीन अडकतं. आरसी.कॉन्फ मधलं अडलं तर सिंगल-यूजरमध्ये शिरून ती ओळ गाळता येते.

स्टार्टएक्स, पण एक्सएफसीई न लावता, नुसतं टीडब्ल्यूएम (खिडक्या हलवणारा साधा प्रोग्राम) आणि एक्सटर्म (आज्ञा लिहायची खिडकी). दिसायला १९९० सालचं, पण एक्स सर्व्हर आणि डेस्कटॉप यांचा गुंता सुटतो. हे चाललं आणि एक्सएफसीई चाललं नाही, तर मग डीबसकडे (प्रोग्रामांमधला निरोप्या) बघायचं. त्याची वेळ आली नाही, दोन्ही चालले. टीटीज मध्ये 'ऑन', किल -हप १, लॉगिनची चौकट हजर.

रीबूट करूनही पाहिलं. एकदा हाताने लोड केलेलं मॉड्यूल चालतं, यावर घरी जायचं नसतं.

१० जुलै, गुरुवार

ताई नव्या सिस्टीमवर. तक्रार नाही. अप्रेंटिसच्या खात्यात मात्र "डेस्कटॉपच नाही, पांढरी खिडकी येते". उद्या बघतो, आज गुरुपौर्णिमा, घरी पाहुणे.

११ जुलै, शुक्रवार

पोराचं खातं मागच्याच महिन्यात उघडलंय आणि त्याने ते आजवर एसएसएचनेच वापरलं होतं. पांढरी खिडकी म्हणजे एक्सटर्म. होममध्ये .एक्ससेशन (लॉगिननंतर काय सुरू करायचं ते सांगणारी फाइल) नाही म्हटल्यावर एक्सडीएमने स्वतःची किमान व्यवस्था लावून दिली. ती फाइल बनवली, त्यात एक ओळ, एक्झेक स्टार्टएक्सएफसीई४. पुढच्या खात्यांना आपोआप मिळावी म्हणून तीच फाइल /यूएसआर/शेअर/स्केल मध्ये डॉट.एक्ससेशन नावाने ठेवली; नवं खातं उघडताना सुरुवातीच्या 'डॉट' शब्दाच्या जागी खराखुरा टिंब येतो.

एक्सडीएमची एक छुपी सोय या निमित्ताने त्याला दाखवली. पासवर्ड लिहून एंटरऐवजी एफ१ दाबलं की .एक्ससेशन बाजूला ठेवून साधा एक्सटर्म मिळतो. कुणी ती फाइल बिघडवली आणि लॉगिन केल्याकेल्या बाहेर फेकला जाऊ लागला, तर शिरायला ही मागची वाट.

डेस्कटॉप आला, पण त्याच्या खात्यात फ्रीकॅडचं मॉडेल फिरवलं की मशीन धापा टाकतं. ताईंच्या खात्यात तेच मॉडेल लोण्यासारखं फिरतं. ग्राफिक्स कार्ड एकच, म्हणजे फरक परवानगीचा. जीएलएक्सइन्फो मध्ये रेंडरर म्हणून एलएलव्हीएमपाइप दिसला, म्हणजे सगळं चित्र प्रोसेसर घासूनपुसून काढतोय. /डेव्ह/डीआरआय/कार्ड० हे दार रूट (प्रशासक) आणि व्हिडिओ ग्रुप एवढ्यांनाच उघडं असतं. एक्स सर्व्हर रूटच्या अधिकाराने उठतो म्हणून पडदा दिसतो, पण फ्रीकॅड पोराच्या नावाने चालतं आणि त्याला आत प्रवेश नाही. पीडब्ल्यूने त्याचं खातं व्हिडिओ ग्रुपमध्ये घातलं, लॉगआउट-लॉगिन. रेंडररच्या जागी इंटेलचं नाव आलं.

या प्रकारचा बिघड मला काळ्या पडद्याहून वाईट वाटतो. काळा पडदा निदान ओरडून सांगतो. हा वर्षानुवर्षं तसाच राहतो आणि लोक म्हणतात, मशीन जुनं झालं, नवं घ्या.

१९ जुलै, शनिवार

आठवडाभर शांत. आवराआवर.

वहीत आधीच्या माणसाच्या नोंदीखाली लिहिलं : लॉक ९ जुलैला काढलं, कारण नवं भांडार. अपग्रेडच्या आधी पीकेजी लॉक -एल बघणे. त्याने त्या वेळी लिहून ठेवलं म्हणून मला कुलपामागचा हेतू कळला, नाहीतर कुलूप दिसलं असतं आणि काढायला हात धजावला नसता.

डीमेसेजमध्ये फर्मवेअरबद्दल एक-दोन कुरकुरी अजून दिसतात. त्यांचा डेस्कटॉपशी संबंध नाही, त्यांच्या मागे लागलो नाही.

शेठनी विचारलं, पुढच्या वेळी ग्राफिक्स अडलं तर तात्पुरतं काही? आहे. मशीन यूईएफआयने बूट होतं, तेव्हा एससीएफबी हा साधा ड्रायव्हर नेमून देणारी छोटी फाइल ठेवता येते. रिझोल्यूशन बदलत नाही, त्रिमितीचा वेग नाही, पण बिलं आणि ईमेल निघतील. ती फाइल लिहून वेगळ्या नावाने ठेवली आहे, चालू केलेली नाही.

जुनं बूट एन्व्हायर्नमेंट ऑगस्टअखेरपर्यंत राहू द्यायचं. डिस्कवर जागा आहे. तिकडे परत जावंच लागलं तर ताईंना सांगून जाणे : जुन्या फायरफॉक्सला नव्याने वापरलेलं प्रोफाइल चालत नाही, तो नवं प्रोफाइल मागतो आणि बुकमार्क हरवल्यासारखे वाटतात.

झेडपूल स्टेटस आता दर वेळी म्हणेल की पूलमध्ये (झेडएफएसचा डिस्कवरचा साठा) काही नव्या सोयी चालू नाहीत, झेडपूल अपग्रेड करा. जुनं एन्व्हायर्नमेंट आहे तोवर ते करायचं नाही. एकदा केलं की तेराच्या कर्नलला हा पूल ओळखता येईलच असं नाही, आणि बूटलोडर आधी नवा केला नाही तर चौदासुद्धा अडकू शकतो. ही ओळ वहीत लाल पेनाने लिहिली आहे.